'सूत्रां'ना वाली कोण?

राजधानीतील बातमीदारीत 'सूत्र' या शब्दाचे मोल फार मोठे आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत कोणत्या प्रस्तावावर खडाजंगी झाली, एखाद्या खरेदीच्या फाइलवर कोणत्या अधिकाऱ्याने प्रतिकूल शेरा मारला, तो शेरा पुढे कसा गुंडाळला गेला, हे सारे वाचकाला कळते ते 'विश्वसनीय सूत्रां'मुळे. या सूत्राला नाव नसते आणि हुद्दा असला तरी तो छापला जात नाही. वाचकही त्या नावाचा आग्रह धरत नाही. बातमी खरी निघाली म्हणजे त्याचे समाधान होते. परंतु उद्या एखाद्या तपास अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने पत्रकाराला समोर बसवून हे नाव विचारले, तर ते न सांगण्याचा अधिकार त्याला आहे काय? प्रजासत्ताकाला पाऊणशे वर्षे झाल्यानंतरही या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'कायद्याने तरी नाही' असेच द्यावे लागते.

दिल्लीच्या राऊज अव्हेन्यू न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेला एक आदेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. समाजवादी पक्षाचे नेते मुलायमसिंह यादव यांच्या बेहिशेबी मालमत्तेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना, फेब्रुवारी २००९ मध्ये, सीबीआयच्या अंतर्गत कागदपत्रांचा हवाला देणाऱ्या बातम्या प्रसिद्ध झाल्या होत्या. हे कागद बनावट असल्याचे सांगून सीबीआयने अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदविला. संबंधित पत्रकारांनी कागद कोठून मिळाले हे सांगण्यास नकार दिला. तेव्हा ते कोणी बनविले हे शोधण्यास मार्ग उरला नाही, असे म्हणत सीबीआयने प्रकरण बंद करण्याची परवानगी मागितली. दंडाधिकाऱ्यांनी ती नाकारली. तपास यंत्रणेपुढे स्रोत उघड न करण्याची कोणतीही वैधानिक सूट भारतात पत्रकारांना नाही, सबब केवळ त्यांच्या नकारापाशी तपास थांबविता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता.

या आदेशाने कायद्याचा विपर्यास झाला, असे म्हणता येत नाही. कायद्यात जे नाही ते नाही, एवढेच दंडाधिकाऱ्यांनी सांगितले. दोष असलाच तर तो कायदा करणाऱ्यांकडे जातो. म्हणून कायद्याने कोणाच्या मौनाचे रक्षण केले आहे आणि कोणाच्या नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

खबऱ्याला कवच, सूत्राला नाही

ब्रिटिशांनी १८७२ मध्ये केलेला पुरावा कायदा १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाला आणि त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. काही प्रकारच्या संभाषणांना मात्र नव्या अधिनियमानेही जुनेच संरक्षण कायम ठेवले आहे. पती-पत्नीमधील संभाषण न्यायालयात उघड करण्यास भाग पाडता येत नाही. अशील वकिलाला जे सांगतो ते वकिलाला बाहेर सांगता येत नाही. शासनाच्या अप्रकाशित अभिलेखांबाबत खातेप्रमुखाची परवानगी लागते. आणि कलम १३१ अन्वये, गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. महसुलाविषयीच्या गुन्ह्यांच्या बाबतीत हेच संरक्षण महसूल अधिकाऱ्यालाही आहे.

या शेवटच्या तरतुदीमागील तर्क साधा आणि व्यवहारी आहे. खबऱ्याचे नाव एकदा चव्हाट्यावर आले की दुसरा खबऱ्या पुढे येत नाही आणि मग गुन्हेही उघडकीस येत नाहीत. कायद्याने येथे पोलिसाचा मान राखलेला नसून समाजाचा फायदा पाहिला आहे. हाच तर्क पत्रकाराच्या स्रोताला तंतोतंत लागू पडतो. एखाद्या खात्यातील गैरव्यवहाराची माहिती ठाण्याच्या फौजदाराला देणारा इसम कायद्याच्या छत्राखाली येतो. तीच माहिती, फौजदारावर विश्वास नाही म्हणून, वार्ताहराला देणारा इसम मात्र उघड्यावर राहतो. या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे.

पत्रकारांना अगदीच काही नाही, असेही नाही. प्रेस कौन्सिल अधिनियम १९७८ च्या कलम १५(२) मध्ये, कोणत्याही वृत्तपत्राला, संपादकाला वा पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगण्यास भाग पाडता येणार नाही, अशी तरतूद आहे. परंतु ती केवळ प्रेस कौन्सिलपुढील कामकाजापुरती आहे. ताकीद आणि निंदाव्यंजक ठराव यांपलीकडे ज्या संस्थेच्या हाती शिक्षा नाही, तिच्यापुढे पत्रकार गप्प बसू शकतो. ज्यांच्या हाती अटकेचा आणि शिक्षेचा अधिकार आहे, त्यांच्यापुढे त्याला ही मुभा नाही.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९८३ मध्ये, आपल्या ९३व्या अहवालात, केवळ याच विषयाचा ऊहापोह केला आणि पुरावा कायद्यात '१३२-अ' हे नवे कलम घालण्याची शिफारस केली. गोपनीयतेच्या स्पष्ट वा गर्भित वचनावर माहिती मिळाली असेल, तर तिचा स्रोत उघड करण्यास न्यायालयाने भाग पाडू नये, असे त्याचे स्वरूप होते. वीस वर्षांनी, २००३ मध्ये, न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांच्या आयोगाने १८५व्या अहवालात हा मसुदा पुन्हा मांडला. या वेळी देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी न्यायालयाला अपवाद करता यावा, अशी पुस्तीही जोडली. त्यानंतर आणखी वीस वर्षे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये, विरोधी बाकांवरील शंभराहून अधिक खासदार निलंबित असताना, तिन्ही नवे फौजदारी कायदे संसदेने संमत केले. वसाहतकालीन जोखड झुगारण्याची भाषा त्या वेळी पुष्कळ झाली. '१३२-अ' मात्र नव्या कायद्यातही आले नाही. या चाळीस वर्षांत केंद्रात काँग्रेस, जनता दल, संयुक्त आघाडी, भाजप अशी सर्वांची सरकारे येऊन गेली. तेव्हा या अनास्थेचे श्रेय एकाच पक्षाला देणे अन्यायाचे ठरेल.

न्यायालयांचे औदार्य आणि त्याची मर्यादा

संसदेने जे केले नाही ते सर्वोच्च न्यायालयाने अधूनमधून, प्रकरणापुरते, केले आहे. २०१४ मध्ये सीबीआयचे तत्कालीन संचालक रणजित सिन्हा यांच्या निवासस्थानी कोण कोण भेटीस येत होते, याची नोंदवही टू-जी प्रकरणात न्यायालयापुढे आली. ती कोणी दिली हे बंद लखोट्यात सांगा, असे न्यायालयाने याचिकाकर्त्या संस्थेला आधी फर्मावले. संस्थेने नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने आपला हा आदेश मागे घेतला आणि सिन्हा यांनाच टू-जी तपासापासून दूर राहण्यास सांगितले. कागद कोणी दिला यापेक्षा कागदात काय आहे हे महत्त्वाचे, ही दृष्टी त्यातून दिसली.

२०१९ मध्ये राफेल प्रकरणात तीच दृष्टी अधिक स्पष्टपणे आली. संरक्षण मंत्रालयातील कागदपत्रे 'द हिंदू'ने प्रसिद्ध केल्यानंतर, ती चोरीस गेलेली असल्याने न्यायालयाने पाहू नयेत, असा आक्षेप सरकारने घेतला. आम्हाला ही कागदपत्रे कोणी दिली हे आम्ही सांगणार नाही, अशी भूमिका एन. राम यांनी जाहीरपणे घेतली. १० एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी एकमताने सरकारचा प्राथमिक आक्षेप फेटाळला. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिकाच फेटाळल्या गेल्या, ही गोष्ट वेगळी. प्रसिद्ध झालेले कागद विचारात घेता येतात, हे तत्त्व कायम राहिले.

सर्वांत ठसठशीत शब्द आले ते २७ ऑक्टोबर २०२१ रोजीच्या पेगॅसस आदेशात. पत्रकाराच्या स्रोताचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक पायाभूत अट आहे आणि ते नसेल तर लोकहिताची माहिती देण्यास लोक कचरतील, असे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या पीठाने म्हटले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये विल्यम गुडविन या ब्रिटिश पत्रकाराच्या खटल्यात वापरलेले शब्द जवळपास हेच होते. न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखालील समितीने पुढे २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, मात्र ती पेगॅससच होती असा निष्कर्ष निघू शकला नाही. सरकारने चौकशीत सहकार्य केले नाही, असेही समितीने नमूद केल्याचे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले.

येथेच न्यायालयीन औदार्याची मर्यादा ध्यानात येते. २०२१ चे तत्त्व जानेवारी २०२३ मध्ये राऊज अव्हेन्यूच्या दंडाधिकाऱ्यांपुढे पत्रकारांच्या कामी आले नाही. सर्वोच्च न्यायालयातील उदात्त वचन आणि तालुक्याच्या ठाण्यातील चौकशी यांच्यामध्ये जे अंतर असते, ते लिखित कलमानेच भरून निघते. जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या वार्ताहराला दिल्लीपर्यंत दाद मागायला येणे परवडत नाही.

नाव विचारण्याची गरजच उरली नाही

दरम्यान प्रश्नाचे स्वरूपच पालटले आहे. १९८३ च्या मसुद्यासमोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला पत्रकार होता. त्याला नाव विचारायचे, त्याने नकार द्यायचा, मग न्यायालयाने तोलायचे, अशी ती कल्पना. आज तपास अधिकाऱ्याला प्रश्न विचारावाच लागत नाही. तो फोन आणि लॅपटॉप घेऊन जातो. एका यंत्रात एका बातमीचाच नव्हे, तर दहा वर्षांतील प्रत्येक सूत्राचा ठावठिकाणा असतो. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी 'न्यूजक्लिक'शी संबंधित पत्रकार व कर्मचाऱ्यांच्या घरांवर दिल्ली पोलिसांनी छापे घातले, तेव्हा अनेकांची अशी उपकरणे जप्त झाली. त्या संस्थेवरील आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण त्या फोनांत ज्यांची नावे होती आणि ज्यांचा त्या आरोपांशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न त्याहून निराळा आहे.

माध्यम व्यावसायिकांच्या एका संस्थेने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या पीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, पत्रकारांच्या उपकरणांत त्यांचे स्रोत असतात याकडे लक्ष वेधून, जप्तीविषयी मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास केंद्राला सांगितले. तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या नियमपुस्तिकेप्रमाणे वागतील, असे आश्वासन डिसेंबरमध्ये देण्यात आले. म्हणजे तपास यंत्रणांना आवर घालण्यासाठी तूर्त आधार घेतला गेला तो एका तपास यंत्रणेच्याच पुस्तिकेचा. त्याच वर्षी जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने, फौजदारी प्रक्रियेचे पालन केल्याविना पत्रकाराचा फोन पोलिसांना घेता येणार नाही, असे बजावले होते. मात्र १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ने, डिजिटल पुरावा असण्याचा संभव असलेली संपर्क-उपकरणे हजर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार ठाण्याच्या प्रमुखालाही स्पष्ट शब्दांत दिला आहे. त्यात वकील, डॉक्टर, पत्रकार असा भेद नाही.

जुन्या कायद्यात या बाबतीत एक कुतूहलाची तरतूद होती. तार कायद्यानुसार अधिस्वीकृतीधारक वार्ताहरांचे, देशात प्रसिद्धीसाठी पाठविलेले संदेश मनाई हुकूम नसताना अडविता येत नसत. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ती तरतूद उचलून ठेवली आहे. परंतु संगणकीय संदेशांवर नजर ठेवण्याचा अधिकार देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये वार्ताहरांचा उल्लेखच नाही. तारेच्या जमान्यातील सवलत तशीच राहिली आणि बातमीदाराचा सारा व्यवहार ज्या मार्गाने चालतो तो मात्र मोकळा राहिला. वैयक्तिक विदासंरक्षणाच्या २०१८ च्या मसुद्यात न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने पत्रकारितेसाठी सूट ठेवली होती. २०२३ च्या कायद्यात ती गळाली.

प्रश्न पत्रकाराचा नाही

या विषयाची चर्चा बहुधा 'पत्रकारांना आणखी एक विशेषाधिकार हवा' अशा सुरात होते आणि तेथेच तिला फाटे फुटतात. पत्रकारांविषयीची लोकांची नाराजी अगदीच अनाठायी नसल्याने ही मागणी फारशी कोणाला रुचत नाही. पण स्रोत न सांगितल्याबद्दल पत्रकाराला होणारी शिक्षा हा यातील लहान भाग आहे. पत्रकार तुरुंगात गेला तर त्याच्यामागे संघटना उभ्या राहतात, अग्रलेख येतात. ज्याचे नाव बाहेर येते त्या उपसचिवामागे, अभियंत्यामागे वा लेखापालामागे कोणी उभे राहत नाही.

राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आणि केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार अनधिकृत माहिती देणे हा शिस्तभंग आहे. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम त्याहून कडक आहे. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली, तरी तो आजही उभा आहे. जुलै २०१९ मध्ये अर्थ मंत्रालयाने अधिस्वीकृतीधारक पत्रकारांनाही पूर्वनियोजित भेटीशिवाय प्रवेश बंद केला. वरकरणी ही शिस्तीची बाब. परंतु कोणता वार्ताहर कोणत्या अधिकाऱ्याला कधी भेटला, याची नोंद त्यातून आपोआप तयार होते आणि भेट देणारा दहादा विचार करतो.

मग सचोटीच्या अधिकाऱ्याने जावे कोठे? वरिष्ठांकडे, असे उत्तर दिले जाते. सत्येंद्र दुबे या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंत्याने तेच केले होते. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहारांविषयी त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्याची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर २००४ मध्ये अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे देण्याची सोय झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये राजपत्रात आला, पण त्याच्या अंमलबजावणीची अधिसूचना निघालीच नाही. तो अमलात आला असता तरी वृत्तपत्राकडे जाणाऱ्याला त्याचा आधार नव्हता. आतला दरवाजा असा किलकिला आणि बाहेरचा धोक्याचा.

याउलट उदाहरणही आपल्याच राजकारणातले आहे. बोफोर्सची कागदपत्रे १९८८ पासून 'द हिंदू'त चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांच्या नावाने येऊ लागली. ती देणारा गृहस्थ होता स्टेन लिंडस्ट्रॉम, बोफोर्सचा तपास करणारा स्वीडिश पोलिसांचा प्रमुख. त्याचे नाव भारताला कळले ते एप्रिल २०१२ मध्ये, त्याने स्वतः ते सांगितले तेव्हा. मधल्या काळात आपल्याकडे सरकार कोसळले, चौकशा झाल्या, पण नाव फुटले नाही. स्वीडनमध्ये स्रोताचे संरक्षण हा राज्यघटनेचा भाग आहे. काही गंभीर अपवाद वगळता, माहिती कोणी दिली याचा शोध घेण्यास शासकीय यंत्रणेला मज्जाव आहे आणि वचन मोडून नाव उघड करणारा पत्रकारच तेथे शिक्षेस पात्र ठरतो. हक्क पत्रकाराचा नसून सांगणाऱ्याचा आहे, हे त्या कायद्याने ओळखले आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या राजकारणाचाही एक अध्याय अशाच कागदांनी लिहिला. १९८१ च्या ऑगस्टअखेर 'इंडियन एक्स्प्रेस'ने अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांची सांगड घालून दाखविली आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना जावे लागले. कागद बाहेर आले नसते तर विधिमंडळात केवळ आरोप-प्रत्यारोप झाले असते.

आक्षेपांचे काय?

या मागणीवरील आक्षेप खोडसाळ नाहीत. 'सूत्रां'च्या आडून चारित्र्यहनन होते, तपास यंत्रणा आपल्याला सोयीचे तेवढे पेरतात, आरोपपत्र न्यायालयात जाण्याआधी त्यातील मजकूर वाहिन्यांवर झळकतो. २००९ च्या ज्या प्रकरणापासून राऊज अव्हेन्यूचा आदेश निघाला, त्यात तर कागदच बनावट असल्याचा आरोप होता. खोटा कागद देऊन पत्रकाराला फसविणाऱ्याचेही नाव झाकायचे काय?

या प्रश्नाला सरसकट होकार देता येणार नाही. वचन हे सत्य सांगणाऱ्यासाठी असते. परंतु यंत्रणांच्या सोयीच्या गळतीचा शोध कधी घेतला जात नाही, हेही विसरता कामा नये. गळती वरून झाली तर तिला माहिती देणे म्हणतात आणि खालून झाली तर गुन्हा. आजच्या कायद्यात जो तोल नाही तो हाच. तेव्हा संरक्षण निरपवाद असावे, असा आग्रह कोणी धरू नये. ब्रिटनच्या १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यातही न्याय, राष्ट्रीय सुरक्षा आणि गुन्ह्यांना प्रतिबंध यांसाठी अपवाद आहेत. प्रश्न अपवाद असावेत की नाही हा नसून, ते कोणी ठरवावेत आणि केव्हा, हा आहे.

२००३ च्या मसुद्याला आजचे रूप देणे अवघड नाही. नाव न सांगणे हा नियम, सांगायला लावणे हा अपवाद. अपवाद करण्याचा अधिकार केवळ न्यायालयाला, तोही कारणे नोंदवून आणि माहिती मिळविण्याचा दुसरा मार्ग नाही याची खात्री करून. पत्रकाराचे उपकरण ताब्यात घ्यायचे तर जप्तीपूर्वी न्यायालयाची परवानगी आणि प्रकरणाशी संबंध असलेल्या मजकुरापुरतीच तपासणी. हे कवच अधिस्वीकृतीपत्रावर अवलंबून नसावे, कारण ते पत्र सरकारच देते आणि सरकारच काढून घेते. जोडीला जागल्यांचा कायदा अमलात आणावा, म्हणजे प्रत्येक तक्रारीला वृत्तपत्राचीच वाट शोधावी लागणार नाही.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा करून पत्रकाराच्या देहाचे आणि कार्यालयाच्या मालमत्तेचे रक्षण करण्याची तयारी दाखविली. त्याच्या वहीतील नावाचे रक्षण त्या कायद्याच्या कक्षेत नाही, कारण पुराव्याचा कायदा प्रामुख्याने संसदेच्या हातचा आहे. तेथे महाराष्ट्राचे ४८ लोकसभा सदस्य आणि १९ राज्यसभा सदस्य बसतात. विरोधात असताना कागद फडकावून सरकारला जाब विचारणे सर्वच पक्षांना आवडते. ते कागद त्यांच्या हाती पोहोचविणारा बहुधा एखाद्या मंत्रालयातील मधल्या फळीचा माणूस असतो, आणि सत्ता बदलली तरी तो त्याच खुर्चीवर, त्याच नियमांखाली बसलेला असतो. त्याच्यासाठी दोन ओळींचे एक कलम मांडायला चाळीस वर्षांत कोणत्याही सरकारला वेळ मिळालेला नाही.